जिवाणू मेले कशामुळे: आम्लामुळे की धातूमुळे?

रक्तात पोटॅशियम अचानक खूप वाढलेले दिसले की डॉक्टर आधी विचारतात, "नमुना नीट घेतला होता ना?" कारण रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि धडधाकट माणसाचा अहवालही घाबरवतो. कारखान्याच्या आम्लयुक्त सांडपाण्याच्या तपासणीत अशीच गफलत होते, पण उलटी. अहवाल चांगला येतो आणि पाणी विषारी असते.

धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या आम्लयुक्त सांडपाण्यात तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम असू शकतात. हे पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात गेले, तर तिथले घाण खाणारे जिवाणू मरतात. ते मेले की केंद्राची यंत्रे चालू राहतात, पण घाण तशीच नदीत जाते. म्हणून पाण्याचे विषारीपण जिवाणूंवर तपासणे फार उपयोगाचे आहे.

यासाठी समुद्रातले प्रकाश देणारे जिवाणू वापरतात. १५ अंश सेल्सिअसला ते नमुन्यात ठेवायचे आणि ३० मिनिटांपर्यंत प्रकाश किती मंदावतो ते मोजायचे. जितका प्रकाश कमी, तितके पाणी विषारी.

अडचण अशी की आम्लानेही हे जिवाणू मरतात. म्हणून तपासणीपूर्वी नमुन्यात अल्कली घालून सामू म्हणजे पीएच ७ च्या आसपास आणतात. पण सामू वाढला की विरघळलेल्या तांब्यासारख्या धातूंचा बराच भाग हायड्रॉक्साइडचा गाळ होऊन खाली बसतो. विष तळाशी राहिले आणि आपण वरचे पाणी तपासले! उलट, सामू न बदलता तपासले तर जिवाणू आम्लाने मेले की धातूने, हे कळत नाही. त्यातच आम्लातले हायड्रोजन आयन पेशीवरच्या त्याच जागांसाठी धातूंशी स्पर्धा करतात. त्यामुळे आम्लात प्रत्येक धातूचे विष वाढतेच, असेही म्हणता येत नाही.

माझे स्पष्ट मत आहे: एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. तीन नमुने एकत्र तपासावेत. पहिला, मूळ पाणी. दुसरा, सामू बदललेले पाणी. तिसरा, त्याच सामूचे, पण धातू नसलेले आम्लयुक्त पाणी. पहिल्या आणि तिसऱ्याच्या फरकातून धातूंचा वाटा समजतो. सामू बदलण्याआधी आणि नंतर विरघळलेला धातू किती, हेही मोजावे. शक्य असेल तर ज्या केंद्रात पाणी जाणार आहे तिथल्याच गाळातल्या जिवाणूंचा श्वसनवेग मोजावा, कारण मरणार आहेत ते जिवाणू.

यात खर्च थोडा वाढेल. पण आपल्याकडे सर्वसाधारण मानकांत सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ हवा आणि न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असे सांगितले आहे. ते सांडपाणी बाहेर पडताना लागू होते. आतल्या जिवाणूंची काळजी कोण घेणार?

एक गोष्ट लक्षात ठेवा. गाळ म्हणून खाली बसलेला धातू नष्ट झालेला नसतो. पुन्हा आम्ल मिळाले की तो विरघळतो. म्हणून अहवालात कोणत्या सामूला तपासणी केली हे लिहिलेले नसेल, तर तो अहवाल अपुरा समजा आणि परत पाठवा. रुग्णाच्या बाबतीत आपण हेच करतो.