जुने छर्रे फेकू नका, वितळवूही नका



शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात बहुधा एक जड बरणी असते. तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढे शिशाचे छर्रे असतात. परीक्षानळी पाण्यात उभी तरंगावी म्हणून तिच्या तळाशी थोडे छर्रे घालतात. विशिष्ट उष्मा काढण्याच्या प्रयोगात ते तापवून कॅलरीमापीत सोडतात. वर्षानुवर्षे वापरून हे छर्रे काळवंडतात, चेपतात. मग प्रश्न पडतो, ते फेकावेत, भंगारात घालावेत, की पुन्हा वापरावेत? माझे मत स्पष्ट आहे. छर्रे छर्रे म्हणूनच पुन्हा वापरावेत. मात्र ते वितळवण्याचा उद्योग शाळेत किंवा घरी कोणीही करू नये.

प्रथम जुने छर्रे चालतात कसे ते पाहू. एक मीटर लांबीच्या नळीत छर्रे भरून तोंडे बुचांनी बंद करा आणि नळी ४५ वेळा झटकन उलटीसुलटी करा. प्रत्येक वेळी छर्रे एक मीटर खाली पडतात. म्हणजे एकूण पडणे झाले ४५ मीटर. लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. एक पायरी १५ सेंटिमीटर धरली, तर ही उंचीही ४५ मीटरच भरते! पडताना मिळालेली गतिज ऊर्जा तळाशी आपटल्यावर उष्णतेत बदलते. उंचीला गुरुत्वत्वरणाने गुणून शिशाच्या विशिष्ट उष्म्याने भागा: ४५ × ९.८ ÷ १२८. उत्तर येते सुमारे ३.४ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात वाढ थोडी कमी दिसेल, कारण काही उष्णता नळीला व हवेला जाते.

या हिशेबात वस्तुमान कोठेच उरले नाही, हे ध्यानात आले का? ते दोन्ही बाजूंनी निघून गेले. छर्ऱ्याच्या आकाराचाही उल्लेख नाही. म्हणजे छर्रा नवा, गोल आणि चकचकीत आहे, की जुना आणि चेपलेला, हे या प्रयोगाला कळतही नाही. मग नव्यासाठी पैसे का मोजावेत?

शिशाचा पुनर्वापर ही काही नवी कल्पना नाही. लेण्याद्रीची लेणी कोरली गेली त्या सातवाहन काळात चांदी आणि तांब्याबरोबर शिशाचीही नाणी पाडली जात. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये शिशाचे नाव आहे. आज जगात तयार होणाऱ्या शिशापैकी निम्म्याहून अधिक शिसे जुन्या वस्तूंतून, मुख्यतः मोटारीच्या बॅटऱ्यांतून, परत मिळवलेले असते. छर्रेही असे परत मिळतात. ऑलिंपिकमधील उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीत एका काडतुसात २४ ग्रॅमपर्यंत छर्रे असतात. २५ काडतुसांची एक फेरी झाली की ६०० ग्रॅम शिसे मैदानावर पडते. परदेशात अशा मैदानांवरची माती चाळून, छर्रे वेगळे करून, धुऊन ते पुन्हा विकले जातात.

असे छर्रे विकत घेताना शिक्षकांनी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत. ते मूळ कशाचे आहेत? ते धुतलेले आहेत का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणच काढू शकतो. २२६ ग्रॅम छर्रे मोजपात्रातील पाण्यात टाका. पाणी २० घनसेंटिमीटरच्या आसपास चढले, तर माल शिशाचा आहे. २९ पर्यंत चढले आणि लोहचुंबकाला छर्रे चिकटले, तर ते पोलादाचे आहेत. पार्सल मागवतानाही गणित करावे. मधल्या पोकळ्या धरूनही एका लिटरच्या जागेत जवळजवळ सात किलो छर्रे मावतात. म्हणून खोके लहान व मजबूत हवे, आत दुहेरी पिशवी हवी. खाण्याच्या वस्तूंचे जुने डबे त्यासाठी मुळीच वापरू नयेत.

आता वितळवण्याविषयी. एक किलो शिसे २७ अंशांपासून ३२७ अंशांपर्यंत तापवून वितळवायला सुमारे ६३ किलोज्यूल उष्णता पुरते. एक लिटर पाण्याला उकळी आणायला सुमारे ३०७ किलोज्यूल लागतात. म्हणजे चहाच्या आधणाएवढ्या उष्णतेत जवळजवळ पाच किलो शिसे पातळ होते! म्हणूनच हे काम कोणालाही घरच्या चुलीवर करता येते. जाळ्याची वजने ओतणारा असो की भंगारातल्या बॅटऱ्या फोडणारा, त्याला भट्टीची गरज भासत नाही. संकट नेमके येथेच आहे. तापलेल्या शिशावर राखेसारखी मळी जमते, ती वाऱ्याने उडते, अंगणात बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि वाढत्या मेंदूची हानी होते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. बॅटऱ्यांचे असुरक्षित वितळण हे त्याचे एक मोठे कारण आहे. शिशाचे निर्धोक असे प्रमाण अद्याप माहीत नाही.

काही जण म्हणतील, “मग शाळेत शिसे नकोच.” ही काळजी योग्य आहे, पण हा उपाय मला पटत नाही. बरणी शाळेबाहेर गेली की ती बहुधा भंगारात जाते आणि तेथून कोणाच्या तरी चुलीवर. धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या घरी जातो. आणि त्या घरातही तुमच्याच वयाची मुले असतात.

म्हणून चांगले छर्रे नळीत कायमचे बंद करावेत. नळी सर्वांनी हाताळावी, छर्रे मात्र फक्त शिक्षकांनी. प्रयोगानंतर साबणाने हात धुवावेत. गळाच्या दोरीवर शिशाची गोळी दाताने दाबून बसवण्याची सवय कोणाला असेल, तर ती आजच सोडावी. पांढरट भुकटी धरलेले छर्रे शाळेत धूत बसू नये. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडेच पोहोचवावेत. जुन्या बॅटऱ्यांबाबत तर २००१ च्या आणि त्यानंतरच्या २०२२ च्या नियमांनी हे बंधनकारकच केले आहे. एका शाळेची बाटली लहान असते, म्हणून तालुक्यातील आठ-दहा शाळांनी मिळून वर्षातून एकदा ती पाठवावी.

उद्या आपल्या शिक्षकांना एवढेच विचारा: “सर, आपली छर्ऱ्यांची बरणी कोठे आहे, आणि ती जुनी झाल्यावर कोठे जाणार आहे?”