दोन आकड्यांची काटकसर



ई-मेल पाठविला की संगणक त्यावर तारीख आपोआप घालतो. १९८२ साली ई-मेलचे जे नियम ठरले, त्यांत वर्षासाठी दोनच आकडे होते. १९८२ म्हणजे नुसते ८२. चार आकडे लिहावेत अशी सुधारणा १९८९ साली झाली, पण जुने प्रोग्राम तसेच चालू राहिले.

२००० साल उजाडले आणि घोळ झाला. कुणी ०० म्हणजे १९०० समजले. काही प्रोग्राम १९०० पासूनची वर्षे मोजत; त्यांनी १०० लिहिले. त्याच्यापुढे १९ चिकटवणाऱ्यांनी तर १९१०० साल करून टाकले! पत्रे तारखेप्रमाणे लावली की आज आलेले पत्र शंभर वर्षांपूर्वीचे ठरून तळाशी जायचे. ते पत्र मुलाखतीचे बोलावणे असेल तर?

वाचण्याची रीत २००१ साली ठरली. ०० ते ४९ असेल तर २००० मिळवा. ५० ते ९९ असेल तर १९०० मिळवा. तीन आकडे असतील तरी १९०० मिळवा. प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्याने एवढे करावे आणि नवे पत्र लिहिताना मात्र चारच आकडे घालावेत.

ही रीत ई-मेलला चालते, कारण १९५० पूर्वी ई-मेल नव्हताच. पण तीच आपल्या तारखांना लावून पाहा. धम्मदीक्षा १४-१०-५६ बरोबर १९५६ येते. महाडचा सत्याग्रह २०-३-२७ मात्र २०२७ सालचा होतो! बाबासाहेबांचा जन्म १४-४-९१ लिहिला तर १९९१ निघते. ते तर जन्मशताब्दीचे वर्ष! आणि १९४८ साली जन्मलेली आजी? तिचा जन्म २०४८ सालचा ठरतो. मग तिच्या पेन्शनचा अर्ज संगणक कसा मानणार?

कारकुनी करणाऱ्या आम्हा मंडळींना ठाऊक आहे, कागदावरची एक चूक सुधारायला गरिबाची किती रोजंदारी बुडते. म्हणून बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे इतकेच: शाळेचा दाखला असो, जातीचा दाखला असो की कसलाही अर्ज, साल चार आकडी लिहा. समोरच्याने दोनच आकडे टाइप केले, तर सही करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या. घरात शिकलेली मुलगी असेल तर या रविवारी तिच्याकडून सगळे कागद तपासून घ्या.