ताऱ्यांच्या अखेरचा वेध आणि भारताची अतिनील दुर्बीण

वाराणसीत दशाश्वमेध घाटालगत असलेल्या मानमंदिर वाड्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंह यांनी वेधशाळा उभारली. ग्रहताऱ्यांची आकाशातील स्थाने मोजणे, हे तेथील दगडी यंत्रांचे काम होते. मात्र स्फोट पावणाऱ्या ताऱ्याभोवती काय आहे, याची महत्त्वाची माहिती अतिनील किरणांत दडलेली असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांपैकी बहुतेक वातावरणातच शोषले जातात. त्यामुळे त्यांच्या अभ्यासासाठी दुर्बीण अवकाशातच असावी लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील यूव्हीआयटी ही भारताची अशी दुर्बीण होय. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात पुण्याच्या आयुका संस्थेचा, तसेच इस्रो आणि कॅनडाच्या अंतराळ संस्थेचाही वाटा आहे.

या दुर्बिणीचे महत्त्व २०२३ मध्ये दिसून आले. त्या वर्षी १९ मे रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, आढळला. सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील हा स्फोट आपल्या प्रकारातील पंचवीस वर्षांतील सर्वांत जवळच्या स्फोटांपैकी एक होता. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या संशोधकांनी यूव्हीआयटी तसेच लडाखमधील हानले येथील दुर्बिणीच्या साहाय्याने त्याचा मागोवा घेतला.

स्फोटातून फेकले गेलेले द्रव्य आधीपासूनच असलेल्या वायूच्या कवचावर आदळत असल्याचे या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. हे कवच ताऱ्यापासून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ७५ ते १४० पट दूर होते. ताऱ्याचा वारा नेहमीच्या वेगाने वाहत होता असे गृहीत धरल्यास, हा वायू स्फोटापूर्वी ३५ ते ६५ वर्षांच्या काळात बाहेर पडला असावा. म्हणजेच लाखो वर्षे जगलेला तारा अखेरच्या काही दशकांत अस्थिर झाला होता. प्रचलित सिद्धांतांना याचे समाधानकारक उत्तर अद्याप देता आलेले नाही.

अशा स्फोटाचे द्रव्य झपाट्याने थंड होत असल्याने त्याचा अतिनील प्रकाश काही दिवसांतच क्षीण होतो. दुर्बीण आधीच कक्षेत सज्ज नसेल, तर ही संधी हुकते. ॲस्ट्रोसॅटची नियोजित पाच वर्षांची मुदत २०२० मध्येच पूर्ण झाली, तर यूव्हीआयटीची निकट-अतिनील वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली.

एक मीटर व्यासाच्या आरशाच्या 'इन्सिस्ट' या दुर्बिणीचा प्रस्ताव भारतीय ताराभौतिकी संस्थेने मांडला आहे. अमेरिकेने यूव्हीएक्स, तर इस्रायलने अल्ट्रासॅट या मोहिमा आखल्या आहेत. अंतराळ दुर्बीण मंजुरीपासून प्रक्षेपणापर्यंत जायला अनेक वर्षे लागतात. ॲस्ट्रोसॅटनंतर खंड पडू द्यायचा नसेल, तर त्याच्या वारसदाराबाबतचा निर्णय लांबणीवर टाकणे भारतीय खगोलशास्त्राला परवडणारे नाही.