पायांतील वांकडी वीट

एकाच वस्तूशीं समान असणाऱ्या वस्तू परस्परांशींहि समान असतात, हें युक्लिडाचें तत्त्व आपण भूमितीच्या आरंभींच शिकतों. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेंत मात्र तें ढळतें. तेथें दोन बरोबर-चिन्हांनीं तुलना केली असतां शून्य ही संख्या रिकाम्या अक्षरमालेशीं समान ठरते. अवतरणांत अक्षर म्हणून लिहिलेल्या शून्याशींहि समान ठरते. पण त्या दोन अक्षरमाला परस्परांशीं असमान! कारण, संख्येशीं तुलना करतांना ही भाषा अक्षरांची मुकाट्यानें संख्या करते. दोहों बाजूंस अक्षरें असल्यास तीं जशींच्या तशीं ताडते.

ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. घाईस दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे; परंतु माझ्या मतें खरा धडा पुढें आहे. १९९९ सालीं प्रमाण भाषेच्या तिसऱ्या आवृत्तींत तीन बरोबर-चिन्हांची काटेकोर तुलना आली. तरी जुनी काढतां येईना, कारण असंख्य पानें तिच्यावर विसंबलीं होतीं. चूक लहान असतांनाच खोडावी. तिच्यावर इतरांनीं घरें बांधलीं म्हणजे ती नियम होऊन बसते.

म्हणून ही भाषा शिकवूं नये, असें नव्हे. मात्र तिचे दोष झांकून शिकवूं नये. पालकांनींहि, मुलगा अथवा मुलगी संगणक शिकते एवढ्यावर संतोष न मानतां, यंत्राचें उत्तर तीं स्वतः ताडून पाहतात कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.