कवळी यादीत का नाही?

सोलापूरची कडक भाकरी आता पाकिटात भरून पुण्या-मुंबईला जाते, सोबत शेंगाचटणी. पण या शहरातल्याच किती वयस्कर माणसांना ती चावता येते? नई जिंदगी, शास्त्रीनगर, विजापूर वेस, कुठल्याही मोहल्ल्यात विचारून पाहा. दात राहिले नाहीत, चहात पाव बुडवून खाते, असेच अनेक घरांतून ऐकायला मिळेल.

वय झाले की दात जायचेच, हे आपण सगळ्यांनी धरून चाललेले असते. ते खरे नाही. दात घालवतात ते कीड, हिरड्यांचा आजार आणि तंबाखू. विडीच्या या शहरात तंबाखू घराघरांत पोचलेली आहे आणि मशेरी ही कित्येक बायकांची तरुणपणापासूनची सवय आहे. मशेरीने ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो, म्हणून ती औषध वाटते. आत हिरडी सडत राहते. त्यात मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखरही आटोक्यात राहत नाही. मिस्वाकची सुन्नत आपण मिंबरवरून नेहमी ऐकतो. त्याच जुम्याच्या बयानात मशेरीबद्दलही दोन शब्द आले तर बरे होईल.

दात गेले की ताटही बदलते. आधी शेंगदाणे आणि काकडी सुटते, मग भाकरी, मग गोश्त. बकरी ईदला घरात सगळे असूनही दादी नुसता शोरबा घेते. उरतात चहा, खारी, पातळ खिचडी. पोट भरते, पण प्रथिने मिळत नाहीत. अंगातली ताकद जाते, तोल जातो, पडून हाड मोडते. त्या ऑपरेशनसाठी जमातीत पैसे गोळा होतात. कवळीसाठी जकात मागायला मात्र कोणी धजत नाही, जणू ती चैन आहे.

सरकारचे म्हणणे काय? केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील 60 वर्षांवरच्या माणसांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मोफत द्यायची, असे तिच्या यादीत स्पष्ट लिहिले आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. 65 वर्षांवरच्यांना, कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच 3000 रुपये. या यादीत चष्मा आहे, कमोड खुर्ची आहे, कमरेचा पट्टा आहे, मानेचा पट्टाही आहे. कवळीचे नाव नाही. शेवटी ‘इत्यादी’ आहे खरे, पण अर्ज तपासणाऱ्या बाबूसमोर ‘इत्यादी’वर भांडणार कोण? सत्तरीपुढच्यांना मिळणारे आयुष्मानचे पाच लाखांचे कार्ड दवाखान्यात दाखल होण्यासाठी आहे. कवळी बसवायला कोणी दाखल होत नाही.

केंद्राच्या यादीत नाव असले तरी अडचण संपत नाही. काठी शिबिरात हातात देता येते. कवळीसाठी माप घ्यावे लागते, मेणात बसवून पाहावे लागते, टोचली तर घासून घ्यावी लागते. म्हणजे चार-पाच खेपा. एका दिवसाच्या शिबिरात हे होत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये सोलापूरकरांना शेकडो किलोमीटर दूर आहेत.

म्हणून मागणी सोलापुरातच करायला हवी. राज्याच्या यादीत ‘कवळी’ हा शब्द घालावा. सिव्हिल हॉस्पिटलने महापालिकेच्या दवाखान्यांसोबत आठवड्याचा एक दिवस कवळीसाठी ठेवावा आणि शहरातल्या खासगी दंत महाविद्यालयाला त्यात जोडून घ्यावे. तुमच्यापैकी अनेकांनी लाडकी बहीणचे अर्ज मोबाइलवर भरून दिले. तसेच मोहल्ल्यात घरोघर जाऊन कवळीची गरज असलेल्यांची यादी करा आणि ती सहीशिक्क्यासह जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

कवळी येईपर्यंत घरातल्या वयस्करांना पाव-बिस्किटावर ठेवू नका. अंडे, घट्ट डाळ, दही, खिमा, शेंगदाण्याचे कूट, आमटीत कुस्करलेली भाकरी हे दातांशिवायही खाता येते. आणि एकही दात नसला तरी तोंड तपासून घ्या. मशेरी लावणाऱ्या माणसाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर वाट न पाहता दाखवा.