सातबारा पुसू नका

गेल्या दसऱ्याला आमच्या मराठी मंडळातले एक स्नेही, मूळचे जालना जिल्ह्यातल्या अंबडचे, भलेमोठे लांबट खोके घेऊन घरी आले. आत ईशापूरची थ्री नॉट थ्री रायफल होती. भारतीय लष्कराने कधीच मोडीत काढलेली आणि इथे अमेरिकेत त्यांनी रीतसर विकत घेतलेली. पण ती जुनी काही दिसत नव्हती. लाकूड रेजमालाने घासून वर सोफ्याला देतात तसले चकचकीत पॉलिश, नळीला नवा काळा रंग आणि दस्त्यावर पितळी पाटी: 'जालना मुक्तिसंग्राम, १९४८'. येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, ती सभागृहात मांडावी असे त्यांचे म्हणणे आहे. माझा विरोध आहे. रायफलीला नव्हे, पॉलिशला आणि पाटीला.

आम्ही जालनेकर भंगाराला नाक मुरडत नाही. आमच्या गावातल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळया होऊन ट्रक भरतात. जुने ते नवे करणे हाच आमचा धंदा, 'सोन्याचा पाळणा' म्हणवणाऱ्या या गावाचा. पण भट्टीत गेलेल्या लोखंडाला कुणी पूर्वायुष्य विचारत नाही. रायफलीला विचारावे लागते आणि तिचे उत्तर तिच्या अंगावरच कोरलेले असते.

चापाच्या मागे, दस्ता बसतो त्या पोलादी कड्यावर उजव्या बाजूला बघा. राजमुकुट, खाली राजाची आद्याक्षरे, मग ईशापूर, मग साल. स्नेह्यांच्या रायफलीवर १९४३ आहे. म्हणजे महायुद्ध ऐन भरात होते तेव्हा कोलकात्याजवळ, हुगळीकाठच्या कारखान्यात ती घडली. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्याच्या मालावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. सत्तांतर वाचायला इतिहासाचे पुस्तकच लागते असे नाही, दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी पुरते. पुढे बोल्टचा क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळतो का, लाकडावर रंगवलेला आकडा कसला, पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू कशासाठी, हे सगळे वाचता येते. तो स्क्रू पाहून नवखा माणूस म्हणतो, कुणीतरी ठिगळ मारलंय. प्रत्यक्षात लाकूड तडकू नये म्हणून ईशापूरनेच ती सोय केली. या खुणा म्हणजे रायफलीचा सातबारा. रेजमाल फिरवला की लाकडावरचे शिक्के गेले, जाड रंग चढवला की पोलादावरची अक्षरे बुजली. फेरफाराची नोंद फाडून टाकावी आणि वर जमीन सुंदर दिसते म्हणावे, तशातला हा प्रकार.

मग साफ करायचीच नाही का? करायची, आणि मनापासून करायची. आधी बोल्ट मागे ओढून नळीत काडतूस नाही ना ते डोळ्यांनी पाहायचे आणि बोटानेही चाचपायचे. गोदामात गंजू नये म्हणून थापलेले ग्रीज फडक्याने आणि सौम्य द्रावकाने धीराने काढायचे. नळीत जुन्या काडतुसांचा क्षार उरलेला असतो. त्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून मीठ उरते आणि मिठाला दमट हवा मिळाली की गंज ठरलेला. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळते. म्हणून शिपाई नळीतून उकळते पाणी ओतत, मग दोरीला बांधलेली चिंधी ओढून ती कोरडी करत आणि शेवटी तेल देत. त्या तेलाची पितळी कुपी आणि दोरी दस्त्यातल्या झडपेमागेच असायची.

आणि लाकडाला? जवसाचे तेल. जवस म्हटले की मराठवाड्याच्या माणसाला चटणी आठवते; ब्रिटिश लष्कराला रायफलीचे लाकूड आठवे. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचे, रात्रभर मुरू द्यायचे. ते लाकडात उतरते, वर कवच धरत नाही. एक मात्र सांभाळा: जवसाची ओली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. आणि गोळी झाडायचा विचार असेल तर आधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या.

आता पाटी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १५ तारखेला जालना ताब्यात आले आणि अकराव्या गुरखा रायफल्सच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी तिथे ठेवून बाकीची फौज लातूरकडे गेली. १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्या जवानांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्रीच होती, हे खरे. पण ही रायफल तेव्हा जालन्यात होती, याचा तिच्या अंगावर शब्द नाही. रेजमालाने इतिहास पुसला जातो, तर अशा पाटीने तो रचला जातो. दुसरे पाप मोठे, कारण पॉलिश उघड दिसते आणि पाटीवर मुले विश्वास ठेवतात.

'माझी वस्तू, माझी मर्जी' हा आक्षेप मला मान्य आहे. कुलूपबंद कपाटात ठेवणाऱ्याने हवे ते करावे. पण ती मंडळाच्या टेबलावर येते तेव्हा ती आपल्या सगळ्यांच्या नावाने बोलते. 'शस्त्रपूजेला गंजका जिन्नस कसा मांडायचा?' असेही विचारले जाते. खंडेनवमीला आजोबा नांगराचा फाळ आणि कोयता पुसून, तेल देऊन मांडत. त्यावर रंग चढवलेला मी कधी पाहिला नाही.

भारतात थ्री नॉट थ्री हा बोअर निषिद्ध आहे, सामान्य माणसाच्या हाती ही रायफल पडतच नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनीही २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला. म्हणजे ती घरात बाळगून निगुतीने जपण्याची संधी आपल्यासारख्या परदेशस्थांनाच आहे. ती वाया घालवू नये.

स्नेह्यांना माझी विनंती एवढीच: गेलेले शिक्के परत येणार नाहीत, पण पाटी बदलता येते. सतरा सप्टेंबरला रायफल जरूर आणा, बोल्ट घरी ठेवून. पाटीवर दोनच शब्द असू द्या: ईशापूर, १९४३. तिथून पुढचे जालना आपण तोंडाने सांगू.