भंडारदऱ्यातली थंडी
डिसेंबरात मुलाबाळांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: अगदी पाण्याच्या काठाचा हट्ट धरू नका. दिवस मावळला की रतनगडाच्या उतारांवरची गार, जड हवा खाली सरकून प्रवरेच्या खोऱ्यात साचते. थोडं वर, सपाटीवर थंडी कमी बोचते. पहाटे तंबूच्या आतल्या कापडाला थेंब लोंबतात, ते आपल्याच श्वासाचे. म्हणून झडप बोटभर उघडी हवी. आणि शेगडी आत? मुळीच नाही! कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. त्यापेक्षा पोरांच्या अंगाखाली एक गोधडी जास्त घाला, जमीन ऊब शोषून घेते. स्पीकर मात्र घरीच ठेवा. पलीकडच्या वाडीतली माणसं पहाटे कामाला उठतात.